खुलासा अमान्य

नाशिक
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. तेजल,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबांना, सावळीरामभाऊंना, माझा जयभीम सांग. आईचे गुडघे आता कसे आहेत? इकडे मी बरी आहे. शुगर माझ्यासारखीच हट्टी, कुणाचं ऐकत नाही, एवढंच.

हाताने पत्र लिहायला बसले म्हणून हसू नकोस. फोन चार वेळा केला, तू उचलला नाहीस. मेसेज करावा तर स्क्रीनवर माझं नाव दिसलं की तू आधी घड्याळ बघणार. गेली चार वर्षं माझ्या नावाने तुला एकच गोष्ट येते, 'अत्यंत तातडीचे, आजच चार वाजेपर्यंत'. म्हणून पोस्टाने लिहिते. दिंडोरीला पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतात, तेवढ्यात रागावून घे माझ्यावर.

तुझा राजीनामा माझ्या टेबलावर आहे. केंद्रप्रमुख म्हणून त्यावर शिफारस लिहून मला तो अठ्ठावीस तारखेपर्यंत वर पाठवायचा आहे. एकदा मंजूर झाला की परत फिरायला वाट नाही, हे तुला माहीत आहे.

कारणाच्या जागी तू लिहिलंस, 'वैयक्तिक कारणास्तव'. माझ्याकडच्या बारा शाळांतून तीन वर्षांत सात जण गेले. सातही जण 'वैयक्तिक कारणास्तव' गेले. दिनेश सर तलाठी झाले, अमित सरांनी मेहुण्याबरोबर टाइल्सचं दुकान टाकलं. त्यांच्या जागा अजून रिकाम्याच आहेत. दर वेळी मी 'शिफारस आहे' असं लिहून कागद पुढे सरकवला आणि चहा प्यायले. तुझ्या कागदाचा मात्र फार राग आला. चौथीत माझ्या वर्गात होतीस तेव्हा फळा पुसायला सगळ्यांच्या आधी धावायचीस आणि 'मी बाई होणार' म्हणून सांगायचीस. डी.एड. केलंस, नेमणुकीची पाच वर्षं वाट बघितलीस, आणि मिळाल्यावर चार वर्षांत सोडून द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कॉम्प्युटरवर बसणार म्हणे. अगं, पेट्या मोजायला एवढं शिकलीस का?

तुझ्या खैरदांडच्या शाळेत तेवीस मुलं आहेत, तेजल. दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं तुमच्याच दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला निघतात. शाळेत बाई असली तर पोरं आजी-आजोबांजवळ मागे राहतात. बाई नसली की पोरंही जीपमध्ये. हे मला तूच सांगितलं होतंस, नेमणुकीच्या पहिल्या वर्षी, केवढ्या अभिमानाने. तुझ्या त्या वर्षी एकही मूल गेलं नव्हतं.

त्या सप्टेंबरच्या नोटिशीचं मनाला लावून घेतलंस का? ऑनलाइन मीटिंगला तू नव्हतीस, तुला कारणे दाखवा नोटीस गेली, तुझा खुलासा अमान्य झाला. वरूनच झालं ते. माझ्या हातात काय होतं? ऑफिसचं काम असंच चालतं, सगळ्यांच्याच वाट्याला येतं.

सोमवारी तुझ्या शाळेचा चार्ज घ्यायला मलाच जावं लागणार, दुसरं कुणी मोकळं नाही. जाऊन आले की उरलेलं लिहिते, मग एकदमच टाकते.


सोमवार, १७ नोव्हेंबर

तेजल, वरचं सगळं फाडून टाकणार होते. पण राहू दे. मी शुक्रवारी काय लिहिलं ते तुला दिसू दे.

मी अजून सुन्न आहे. हात धुतले, जेवायला बसले, आणि भात तसाच ठेवून उठले. आमचे हे विचारतात काय झालं, तर मी हे पत्र पुढे ओढलं.

हरसूलवरून जीप मिळायला उशीर झाला, अकराला पोचले. खिचडी शिजवणाऱ्या सगुणाबाईकडे तू किल्ली ठेवली होतीस. तिने दार उघडलं आणि मी दारातच थबकले. भिंतीवर माझं अक्षर. बाराखडी, पाढे, आठवड्याचे वार, सगळं माझ्या अक्षरात. मी तर त्या भिंतीवर कधी काही लिहिलं नाही. क्षणभर वाटलं, मला विसर पडायला लागला की काय. मग उमगलं की ते तुझं आहे. 'ळ'चा तोच पोट सुटलेला गोल, जो मी तुझ्या पाटीवर हात धरून गिरवून घेतला होता. मुलांच्या वह्या बघितल्या, तर तेवीस वह्यांत तोच 'ळ'.

मुलं कुणी न बोलावता आली होती. रोज येतात म्हणे. मी फळ्यावर तारीख घातली, तर पुढे बसलेली तिसरीतली मुलगी, बारकूची स्नेहा, म्हणाली, "तुमचं अक्षर आमच्या बाईंसारखं हाय." खडू हातात धरून नुसती उभी राहिले.

मग तुझ्या टेबलामागची दिनदर्शिका दिसली. काही तारखांभोवती लाल गोल होते. मला वाटलं सुट्ट्या असतील, पण रविवार सगळे कोरे. स्नेहालाच विचारलं. ती म्हणाली, "लाल म्हंजी त्या दिशी बाईंनी सबंध दिवस शिकवलं."

सप्टेंबरमध्ये चार गोल. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तीन.

मी खाली मुलांच्या सतरंजीवर बसले आणि फोन काढून आपला ग्रुप उघडला. एकेक कोरी तारीख घ्यायची आणि माझा त्या दिवसाचा मेसेज बघायचा. पोषण आहाराची माहिती, दुपारी बाराच्या आत. मतदार यादीचं काम, दोन दिवस घरोघरी. आधार कार्डं जुळत नाहीत, आजच जुळवा. झाड लावतानाचा फोटो. हात धुतानाचा फोटो. तोच फोटो परत, पण आडवा. कोऱ्या तारखेला माझा मेसेज नाही असं एकदाही झालं नाही, तेजल. एकदाही नाही. मी ते नुसते पुढे ढकलत होते, अंगठ्याने, बसमध्ये बसून, भाजी निवडताना. ते कुठेतरी जाऊन पडतात आणि तिथे एक वर्ग थांबतो, हे मला अकरा वर्षांत एकदाही दिसलं नाही. मी स्वतः बावीस वर्षं शिकवलेली बाई.

सोळा सप्टेंबरला मात्र दोन गोल होते, एकात एक. सगुणाबाईला विचारलं.

"त्या दिशी ना," ती म्हणाली, "बाईंचा फोन सारखा वाजं. बाईंनी तो पत्र्याच्या पेटीत टाकला आन् झाकण लावलं. बारकूची ही पोर दोन सालं झाली, शाळेत तोंड उघडत नव्हती. त्या दिशी उभी रहिली आन् सगळा धडा वाचला तिनं. पयला लय हळू, मंग मोठ्यानं. पोरं गप. मी पातेलं घासायचं सोडून दारात उभी. बाई रडत होत्या आन् हसत होत्या."

दुपारी दोन ते साडेतीन. त्याच वेळी ती ऑनलाइन मीटिंग होती. विषय मला अजून आठवतो, 'वाचन प्रगती अहवाल कसा भरावा'.

आता शुक्रवारी जे लिहिलं नाही ते लिहिते. तुझा खुलासा वरून अमान्य झाला नाही. त्याच्यावर केंद्रप्रमुखाचा अभिप्राय लागतो, तो माझा होता. तू दोनच शब्द लिहिले होतेस, 'शिकवत होते.' घाईत वाचलं नाही असंही मला म्हणता येणार नाही, कारण दोन शब्द वाचायला किती वेळ लागतो? मी वाचलं आणि मला वाटलं, पोरगी शेफारली, दोन ओळी माफीच्या लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं. खाली लिहिलं, 'खुलासा उद्धट व अमान्य. पुढील कार्यवाहीस सादर.' त्या दिवशी असे चौदा कागद उरकले आणि वेळेत घरी आले म्हणून खूश होते.

त्याची प्रत तुझ्या कपाटात सापडली. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली, नेमणुकीच्या आदेशाबरोबर. सही खाली ऑफिसच्या शिक्क्यात दबून गेली आहे, कुणाची ते वाचता येत नाही. मी इतके दिवस त्याच्यावरच भिस्त ठेवून होते, तेजल. वाटलं, तुला कळणार नाही. पण ज्या अक्षरावरून तू लिहायला शिकलीस ते तुला ओळखू येणार नाही असं मला वाटलंच कसं? 'अमान्य'मधला 'अ' बघूनच तुला कळलं असणार. तरी तू एका शब्दाने मला विचारलं नाहीस. राजीनामाही माझ्याच हातात आणून दिलास, वाकून नमस्कार केलास, आणि मी वर तुला म्हणाले, 'घाई करतेस बघ.'

आज एवढंच. पुढे लिहवत नाही.


खैरदांड
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मंगळवारपासून मी इथेच येते. पर्यायी शिक्षक द्या म्हणून अर्ज केला तर उत्तर आलं, शिक्षक शिल्लक नाही. म्हटलं, मी आहे की शिल्लक.

पहिल्या दिवशी घामाघूम झाले. चार इयत्ता एका खोलीत कशा सांभाळतेस गं? पहिलीला शांत करावं तर चौथी भांडते. पाढे म्हणताना माझाच तेराचा पाढा चुकला, आणि सगळ्यांनी मिळून मला सुधारलं. त्यात फोन. दुपारपर्यंत एकोणतीस मेसेज आणि सहा फोन. सातव्याला मी तुझी पत्र्याची पेटी शोधली आणि फोन आत टाकला. मुलांना ती पेटी माहीतच होती. ती सरळ बसली, काहीतरी चांगलं होणार असल्यासारखी.

वरच्या साहेबांना बुधवारी सांगून टाकलं की माझ्या बारा शाळांना शाळेच्या वेळात एकही मेसेज जाणार नाही. चार वाजल्यानंतर एकदाच जाईल, आणि जी माहिती माझ्याकडे आधीच आहे ती मीच भरीन, बारा जणांना तेरा वेळा मागणार नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय, कशाला डोक्याला ताप करून घेता?" मी म्हटलं, सात जागा रिकाम्या आहेत साहेब, नवी माणसं येतील तेव्हा येतील, आहेत ती तरी जाऊ नयेत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनाही कुणीतरी वरून अंगठ्याने ढकलत असतं. तीन दिवस झाले, माझ्या बारा शाळांत त्या मेसेजवाचून काहीही अडलेलं नाही, हे बघून तर मला आणखीच धक्का बसला.

काल बारकू शाळेत आला होता. तीस तारखेला त्यांची जीप निघते. दारात उभं राहूनच विचारलं त्याने, "बाई माघारी येणार का? येणार असल्या तं पोरीला आईपाशी ठेवतो. नाय तं संगं नेतो, तिथं धाकल्या पोरीला सांभाळाय होईल." स्नेहा त्याच्या मागे उभी होती. मला खोटं आश्वासन देता आलं नाही. म्हटलं, मला माहीत नाही रे. तो म्हणाला, बरं, आणि गेला. स्नेहाने नंतर दिवसभर वाचायला तोंड उघडलं नाही.

हे तुला पकडून आणायला लिहीत नाही. परत ये म्हणायचा हक्क मी घालवला आहे, हे मला कळतं. पॅकहाऊसमध्ये संध्याकाळी काम संपतं, आणि कॉम्प्युटर भरत बसलीस म्हणून तिथे कुणी तेवीस तोंडं तुझ्याकडे बघत ताटकळत नाहीत. तुला तेच हवं असेल तर मनावर ओझं न ठेवता जा. सावळीरामभाऊ काही बोलले तर माझं नाव सांग. अठ्ठावीसला तुझा कागद वर जाईल. त्याच्या आधी एका ओळीत 'राजीनामा मागे घेते' असं लिहून पाठवलंस तर तोच कागद मी तुझ्या हातात परत देईन. दोन्हीपैकी काहीही केलंस तरी शिफारशीच्या जागी जे लिहिलं आहे ते मी बदलणार नाही. लिहिलं आहे, 'कारण वैयक्तिक नाही. शिक्षिकेला शिकवू दिले नाही. जबाबदार : केंद्रप्रमुख.' आणि या वेळी सही शिक्क्यापासून लांब, स्वच्छ केली आहे.

आणि एक. काल मलाही नोटीस आली. मंगळवार ते गुरुवार कार्यालयीन वेळेत संपर्कात नव्हते, तातडीची माहिती पुढे पाठवली नाही, चोवीस तासांत लेखी खुलासा करावा. तेहतीस वर्षांतली पहिली नोटीस. तीन वेळा वाचली, खोटं कशाला बोलू. तुला ती आली तेव्हा तू एकटी होतीस, या खोलीत, आणि समोर ही पोरं.

आत्ता दुपारचे सव्वातीन झालेत, मुलं लिहीत आहेत, फोन पेटीत आहे. खुलासा लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. शब्द तुझेच घेतले, दोनच, तुला न विचारता. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. अक्षर ओळखशीलच.

जिचा तुझ्यापुढचा खुलासा अजून बाकी आहे, ती
तुझी
छायाबाई