फुगलेली बॅटरी आणि आईचा सिनेमा

तोमोया,

हातात धरायच्या एकाच गेमयंत्रात चालेल असा सिनेमा विकायचा आणि मग ते यंत्रच बनवायचं बंद करायचं, ही त्या कंपनीची शुद्ध लबाडी आहे. चार हजार येनला एवढीशी डिस्क! पण सिनेमातल्या गर्दीतून छत्री घेऊन जाणारी आपली आई आता फक्त तिच्यातच दिसते, म्हणून आपण पैसे मोजले.

आता यंत्राची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललंय. "ताई, तू भित्रीच," म्हणून हसू नकोस. घर लाकडी आहे आणि बाबांना उठता येत नाही. यंत्र ते हातातून सोडत नाहीत, म्हणून चार्जरची वायर मी कालच पर्समध्ये टाकली. रात्री बॅटरी संपली होती.

आज सकाळी सिनेमा चालू होता. दुसरी वायर कुठे आहे?

चिझुरू