सहाशे बारा जणांची मापं

३ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पत्रच लिहिते, कारण फोन बाबांच्या खुर्चीपाशी आणि त्यांचे कान फोनपाशी.

तू पाठवलेला ड्राइव्ह मिळाला. आपल्या बुटांच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला लावला, तर दिवा लुकलुकतो, आतून टकटक ऐकू येते आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. इस्पितळाच्या बूट-विभागाने नोकरीबद्दल पंचवीस तारखेपर्यंत उत्तर मागितलंय. कोणाचा पाय आखूड, कोणाचा वाकडा, अशा आपल्या सहाशे बारा गिऱ्हाइकांची मापं तू कॉलेजात असताना लिहून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये आहेत. ती तिथल्या कॉम्प्युटरवर उघडली तरच मी नोकरी घेणार. या लोकांना वाऱ्यावर सोडून कशी जाऊ?

अठरा वर्षं झाली, पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधे मी. जीव गुदमरतो रे. मी गेले की दुकान बंद आणि बाबा तुझ्याकडे, हे आपलं ठरलंच आहे.

मुलांना गोड पापा.
तुझी ताई

८ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
ड्राइव्ह बिघडलेला नाही. पुढच्या पोर्टातून त्याला पुरेशी वीज मिळत नसणार. मागच्या पोर्टात लाव. कॉम्प्युटर म्हातारा, त्यामुळे कॉपी व्हायला अख्खा दिवस जाईल. मधेच वायर उपटू नकोस, तुझा उतावळेपणा मी ओळखून आहे.

बाबांचं म्हणशील तर आमचा जिना चार मजल्यांचा, त्यात मुलांच्या परीक्षा. तुझी भावजय नाही म्हणत नाही, फक्त त्यांची खाट कुठे टाकायची ते विचारते. घाई करू नकोस, इतकंच.

माया आहे तशीच राहू दे.
धाकटा

१३ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. मागचा पोर्ट पावला. कॉपी अकरा तास चालली. बाबा दर अर्ध्या तासाने झालं का म्हणून विचारत होते, जणू आत कोणी बाळंत होत होतं.

काल ड्राइव्ह घेऊन इस्पितळात गेले. तिथल्या तंत्रज्ञाने तुझा प्रोग्रॅम सुरू केला, तर त्याने पासवर्ड मागितला. इथे तो कधीच मागत नाही. तूच घातलेला असणार, तेवढा शब्द लगेच कळव. तिथल्या कामाच्या खोलीला मोठी खिडकी आहे, पलीकडे मोकळं मैदान. मी दहा मिनिटं नुसती बसून आले.

वाट पाहते. लोभ असावा.
तुझी ताई

१८ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
खूप डोकं खाजवलं, पण तो शब्द काही आठवत नाही. दुसऱ्या मशीनवर गेलं की पासवर्ड मागावा, अशी सोय तेव्हा फार शहाणपणाने करून ठेवली होती. पण जुना कॉम्प्युटर चालतोय ना, मग चालू दे की. इतकी वर्षं निभावलंस. बाबांनाही तुझीच सवय आहे. नोकऱ्या काय, येत राहतात.

राग मानू नकोस, लोभ ठेव.
धाकटा

२२ जून
ताई,
मागचं पत्र खोटं होतं. शब्द मी विसरलो नव्हतो. तो तुझं घरातलं नाव आहे, ठमी. इंग्रजी अक्षरांत घाल.

तू गेलीस की बाबा इथे येणार, आणि ते मला झेपणार नाही, याची भीती वाटली. तुझ्या भावजयीला मी उगाच पुढे केलं. ती बिचारी त्यांची जागा करून बसली आहे. आज फोन केला होता, पण बाबांनी उचलला. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून तब्येतीचं विचारून ठेवून दिला. हे पत्र वेळेत पोचावं, एवढंच.

तुझा धाकटा

२८ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. आज इस्पितळात जाऊन शब्द घातला. सगळी मापं एकामागून एक उघडली. पासवर्ड म्हणून मी बाबांचं, आईचं, तुझं, मुलांचंसुद्धा नाव घालून पाहिलं होतं. माझं सुचलंच नाही.

तू विसरलास असं समजून मी चोवीसला नकार कळवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरीला घेतलं. तीही चांगली आहे. शब्द चालतो का एवढंच पाहायचंय म्हटल्यावर तिने मला तिच्या खिडकीपाशी बसवून चहा दिला.

बाबांना काही सांगितलेलं नाही. फोनवर तू किती आपुलकीने चौकशी केलीस, ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतायत. ते इथेच आहेत, आणि मीही. तेव्हा तू आता घाबरू नकोस.

या खेपेला लोभ मागत नाही.
ताई