चौथा नियम

सोमवार, ८ जानेवारी
आजपासून कर्टिसवर सूड. ठरलं.

काल चर्चच्या जेवणात चाळीस माणसांसमोर तो म्हणाला, "दाजींचा परवाना म्हणजे लायब्ररीचं कार्ड. फरक एवढाच, की लायब्ररीत निदान पुस्तक तरी मिळतं." सगळे हसले. पास्टर हसले. माझी बायको नडीन हसली. तिचा धाकटा भाऊ असला म्हणून काय झालं, नवऱ्याला हसायचं?

कर्टिसला तो नवा कायदा हवाय. कोटाखाली पिस्तूल लपवून हिंडायला परवाना नको, वर्ग नको, परीक्षा नको. म्हणजे थोडक्यात मी नको. गेली अकरा वर्षं या काउंटीत ज्याला कमरेला पिस्तूल लावायचंय, त्याला चर्चच्या तळघरात माझ्यासमोर आठ तास बसावं लागतं. न्यायाधीश बसले. दातांची डॉक्टरीण बसली. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचो तेव्हा मला कोणी 'सर' म्हणत नव्हतं.

मी डूख धरणारा माणूस नाही. पण हे लक्षात राहील.

बुधवार, १० जानेवारी
संधी चालून आली. २३ तारखेला आमदारबाई फायर स्टेशनच्या हॉलमध्ये लोकांचं म्हणणं ऐकायला येणार. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी नाव दिलं. यादीत माझ्या लगेच खाली कर्टिसचं नाव. छान. मी त्याला आडवा करीन आणि लगेच त्याला तसाच उठून बोलावं लागेल.

भाषणाचा पहिला खर्डा तयार. चाळीस मिनिटांचा झालाय.

कर्टिसशी अबोला सुरू.

गुरुवार, ११ जानेवारी
रात्रभर बर्फ. सकाळी कर्टिस नेहमीसारखा ट्रकला बर्फ लोटायचा फाळ लावून आला आणि आमचा रस्ता साफ करून गेला. मी खिडकीत उभा राहून त्याच्याकडे पाठ फिरवली. नडीन म्हणाली, पडदा ओढलेला होता, त्याला तू दिसलाच नाहीस.

पुढच्या बर्फात पडदा उघडा ठेवणे.

शनिवार, १३ जानेवारी
वर्गाला चार जण. एरवी चौदा असतात. लोक कायद्याची वाट बघतायत, आळशी लेकाचे.

तरी दुप्पट जोर लावून शिकवलं. विशेषतः चौथा नियम. संडासात बसताना पिस्तूल काढून भिंतीवरच्या टॉयलेट पेपरच्या डब्यावर ठेवायचं नाही. पँट खाली गेली की तेही पँटबरोबर खाली, दोन पायांच्या मध्ये. अर्धी काउंटी इथेच चुकते. मी म्हणालो, "जो आपलं पिस्तूल विसरतो, तो पिस्तूल बाळगायच्या लायकीचा नाही." एका बाईंनी वहीत उतरवून घेतलं.

भाषणात घालणे.

मंगळवार, १६ जानेवारी
कर्टिस पशुखाद्याच्या दुकानाबाहेर टेबल टाकून सह्या गोळा करतोय. दोनशे बारा झाल्या म्हणे. मीही समोर टेबल टाकलं. नऊ. त्यातली एक नडीनची, आणि तिने त्याच्याकडेही केलीय.

तो रस्ता ओलांडून आला. "दाजी, चोर काय परवाना काढून येतो का हो? कागदासाठी थांबतात ती बिचारी सरळ माणसं."

फक्त उत्तर देण्यापुरता अबोला सोडला. म्हणालो, "परवाना चोरासाठी नसतो. तुझ्यासारख्या वेंधळ्यांसाठी असतो." कर्टिस माझ्या परीक्षेत दोनदा नापास झालाय. पहिल्यांदा शेजारच्याच्या निशाण्याच्या कागदावर गोळ्या मारल्या, दुसऱ्यांदा गोळ्यांचं मॅगझिन उलटं घालत बसला. तिसऱ्यांदा आला तर या जन्मी पास करणार नाही. हेही तोंडावर सांगितलं.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, "आपली कॉरीन सात आठवडे थांबली, दाजी." आणि गेला.

गुरुवार, १८ जानेवारी
कॉरीनचं एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे विषय मिटला.

कॉरीन कर्टिसची मुलगी. नर्स आहे, लांबलांबच्या शेतांवर जाऊन पेशंट बघते. गेल्याच्या गेल्या वर्षी, नोव्हेंबरात, तिचा सोडलेला नवरा ती जाईल तिथे ट्रक लावून बसायला लागला. तिला परवाना हवा होता. नेमका माझा वर्ग हरणांच्या शिकारीच्या पहिल्या आठवड्यात येत होता. शिकारीत वर्ग नसतो. शाळासुद्धा नसते! पुढचा वर्ग दोन आठवड्यांनी झाला, मग शेरीफकडे कागद पाच आठवडे पडले. मधे एकदा त्याने तिच्या गाडीची काच फोडली. ती आत बसलेली असताना. लागलं नाही कोणाला.

ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही. यात माझी चूक नाही.

त्या वर्षी हरीणही मिळालं नव्हतं.

रविवार, २१ जानेवारी
भाषण तीन मिनिटांवर आणलं. शेवट जबरदस्त. कमरेवर थाप मारायची, कर्टिसच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "अकरा वर्षं. एकही चूक नाही." आरशासमोर वीस वेळा केलं. कंबर दुखतेय.

मंगळवार, २३ जानेवारी, सकाळी ८
आज. कर्टिस, बेट्या, भरले तुझे दिवस. पोटाला हलकंच काहीतरी खाणे.

त्याच दिवशी, दुपारी ४
फायरवाल्यांनी हॉलमध्ये चिलीची, म्हणजे झणझणीत रश्श्याची, स्पर्धा ठेवली होती. राजम्याची, मटणाची, कसलीकसली. एकाची खाऊन दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? तीन वाट्या. मक्याचा ब्रेड.

नाव पुकारायच्या दहा मिनिटं आधी पोटात कळ आली. धावलो. नियम आठवायला वेळ नव्हता. बाहेर आलो तोच पुकारा झाला.

भाषण उत्तम झालं. "जो आपलं पिस्तूल विसरतो," म्हटलं तेव्हा आमदारबाईंनी मान डोलावली. मग शेवट. कमरेवर थाप मारली.

हाताला नुसता शर्ट लागला.

"अकरा वर्षं," म्हणालो. "एकही," म्हणालो. मग कमरेची दुसरी बाजू चाचपली. कर्टिसची खुर्ची रिकामी होती. तो संडासाच्या दारातून येत होता, एक हात जॅकेटच्या खिशात. कॉरीनशेजारी बसला, तिच्या कानात काही बोलला. मग त्याचं नाव पुकारलं गेलं.

तो माइककडे निघाला. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो. त्याच्या जागी मी असतो तर ते पिस्तूल वर धरून सगळ्या हॉलला दाखवलं असतं.

कर्टिस माइकमध्ये म्हणाला, "मला जे बोलायचं होतं ते विसरलो बघा. पुढच्याला बोलवा." लोक हसले. त्याला हसले.

नोंद: खिशात पिस्तूल, परवाना नाही. कायद्याने गुन्हा आहे. मनात आणलं असतं तर पकडून देता आलं असतं.

बुधवार, २४ जानेवारी
कर्टिस आला. हातात बिस्किटांचा डबा. आत टॉवेलमध्ये पिस्तूल, रिकामं केलेलं, गोळ्या वेगळ्या पुडीत. माझा दुसरा नियम. दोनदा नापास झालेल्याला पाठ होता.

म्हणाला, "कागदाच्या डब्यावर होतं, दाजी. बाहेर चार वर्षांची पोरगी पाय आवळून उभी होती. माझ्याऐवजी तीच आत जाणार होती."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? सगळा हॉल होता, आमदारबाई होत्या.

तो म्हणाला, "बोलणारच होतो. कॉरीन म्हणाली, नको, पप्पा. त्या वर्गाशिवाय काकांकडे दुसरं आहे काय?"

नडीनने त्याला कॉफी दिली. मी आत जाऊन पलंगावर बसलो. खूप लाज वाटली. असला सूड मला सात जन्मांत सुचला नसता, आणि त्याने तर तो घेतलाही नव्हता.

शनिवार, २७ जानेवारी
वर्गाला एक जण. कर्टिस. पहिल्या बाकावर, नवी वही घेऊन. चौथा नियम आला तेव्हा पेन उघडून बसला. मी नियम सांगितला. तो हसला की नाही ते माहीत नाही, मी वर बघितलंच नाही.

गोळ्या सगळ्या आपल्याच कागदावर मारल्या. पास केलं.

माझं पिस्तूल आज घरी, बिस्किटांच्या डब्यात.

वर्ग सुटल्यावर तळघराच्या दारावर कागद चिकटवला: 'यापुढे शिकारीच्या दिवसांतही वर्ग होतील.' नडीन न्यायला आली होती. कागद वाचून म्हणाली, अरे, नोव्हेंबरपर्यंत तो कायदा होऊनसुद्धा जाईल.

म्हटलं, असू दे.