दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सकाळी ताईचा फोन. ताई म्हणजे हुकूम! "एक बाई पाठवतेय. गाडी शिकव. आणि फी मागितलीस तर बघ."

नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी ताई निवारागृह चालवते. भाऊ, म्हणजे मी, ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. तिच्या लेखी दोन्ही तिच्याच शाखा.

हकीकत अशी — हॉस्पिटलला नर्सेसना घरून आणायला व्हॅनवर बाई ड्रायव्हर हवी आहे. मेट्रन ताईच्या ओळखीची. महिनाअखेरपर्यंत लायसन्स हातात पडलं तर नोकरी हिची. नोकरी लागली तर भाड्याची खोली. खोली मिळाली तर आजोळी ठेवलेली लेक परत आईजवळ. एका लायसन्सच्या दोऱ्यात सगळी माळ ओवलेली. लर्निंग लायसन्स ताईने आधीच काढून ठेवलंय, नवऱ्याने लांब राहावं असा कोर्टाचा आदेशही. ती अर्धवट तयारीने कधी हुकूम सोडत नाही.

नाव कुठे लिहायचं नाही, असं बजावलंय. बरं, इथेही नाही लिहीत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आली. पहिल्या दिवशी सगळे विचारतात, ब्रेक कुठला? हिने विचारलं, "सर, दार आतून लॉक होतं का?"

होतं म्हटलं. तिने लॉक करून बघितलं, उघडून बघितलं, परत लॉक केलं. मग किल्ली फिरवली.

तिला समजावलं — शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तू चुकलीस तरी मी आहे. दुसऱ्यांच्या गाड्या पुसण्यापासून सुरुवात केली, आज माझ्या स्वतःच्या तीन आहेत, त्या या दुसऱ्या ब्रेकच्या जिवावर. आजवर एक कोंबडीसुद्धा मेली नाही!

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुसऱ्या गिअरच्या पुढे जातच नाही. इंजिन गळा काढून रडतं, ही आपली दुसऱ्यातच. नाव ठेवलं — गिअरबाई. बायको म्हणाली, "तोंडावर म्हणू नका हं." तोंडावर म्हणालो. हसली!

१० नोव्हेंबर, सोमवार

आमचं ऑफिस म्हणजे एक खोली, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. पुढे बायको बसते — फोन, वेळापत्रक, अर्ज, नापास होऊन रडायला आलेली गिऱ्हाइकं, सगळं तीच बघते. मागे मी. आणि माझे कान म्हणजे देवाने फुरसतीने घडवलेले. इंजिनाच्या आवाजावरून कुठल्या प्लगचं पोट बिघडलंय ते सांगतो, मग प्लायवूडची काय कथा!

"वहिनी, सर सारखा ब्रेक मारतात हो. मी मारायच्या आधीच मारतात."

"मला काय सांगतेस! मी माहेराहून लायसन्स घेऊन आले होते. लग्नानंतर हे शेजारी बसले. चौथ्या दिवशी मी भर रस्त्यात उतरले आणि चालत घरी आले. नंतर हात नाही लावला गाडीला."

दोघी खिदळल्या. मी मुद्दाम खोकलो. आणखी खिदळल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

परीक्षेची तारीख मिळाली — २७. तिसरा गिअर अजून मिळायचाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नीट लिहितो.

बाजाराच्या मागच्या रस्त्याने चाललो होतो. फुटपाथवरून एक माणूस उतरला, हात वर करून गाडीसमोर. इस्त्रीचा शर्ट, भला माणूस दिसावा असा. तिने ओळखलं. श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. पण डावीकडे रस्ता मोकळा होता, स्टिअरिंग वळायला लागलंही होतं. निघून गेली असती!

माझा पाय पडला. कुणी हात वर केला की माझा पाय पडतो, तिथे डोकं मध्ये येतच नाही. गाडी जागच्या जागी बंद.

तो खिडकीशी आला. आवाज मधात घोळलेला. "अगं, गाडीच हवी होती तर मला सांगायचं. चल घरी. लोक बघतायत." आणि उघड्या काचेतून हात घालून तिचं मनगट धरलं.

मी उतरलो, वळसा घालून गेलो. म्हटलं, साहेब, हात बाहेर. गाडी माझी आहे.

"आणि बायको माझी आहे."

मग मी माझं ठेवणीतलं बोलणं काढलं. आवाज चढवायचा नाही, थांबायचं नाही, माणसाला मध्ये शिरायला फट ठेवायची नाही. कोर्टाने लांब राहायला सांगितलंय ना तुम्हाला, समोर पानवाला आहे, तो माझा शिष्य, तो साक्षीदार, मागचा टेम्पोवाला पण माझाच शिष्य... टेम्पोवाल्याने इमानाने हॉर्न दिला. याने मागे बघितलं, पकड सैल झाली, तिने हात सोडवला. काच वर. सेल्फ. पहिला, दुसरा — आणि कोपऱ्यावर स्वच्छ ऐकू आला, तिसरा!

गेली. एकटी.

रस्त्यात आम्ही दोघं उभे. एकाची बायको गेली, दुसऱ्याची गाडी.

ऑफिसला पोचलो तर गाडी दारात, सरळ लावलेली. ती आत, बायकोने दिलेला चहा हातात, पण पीत नव्हती. लर्निंगवर एकटीने गाडी चालवणं कायद्यात बसत नाही. हे आज तिला सांगायचं धाडस झालं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आली नाही. ताईने पोलिसांत नोंद केली, मग मला फोन केला. "गाडी थांबवलीस? अरे, थांबवलीस कशाला?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

आली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आली! उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, शिकायचंय. पण तुमच्या शेजारी नाही."

एवढ्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. सरकारी परीक्षकाला मी ब्रेक कसा दाबायचा ते शिकवलंय! तोंड उघडणार तेवढ्यात पार्टिशनपलीकडून आवाज — "मी बसते."

"तू? दुसऱ्या ब्रेकवर?"

"माझा पाय पोचतच नाही तिथवर. उत्तमच!"

लायसन्स मुदतीत आहे म्हणे. दर वेळी स्वतःच नूतनीकरण करून घेत होती. मला पत्ता नाही.

रस्ता बदलला, वेळ बदलली. दोघी गेल्या. मी फोनवर बसलो. तीन गिऱ्हाइकांना एकच वेळ दिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

गाडी वळणावर आली की ऑफिसात बसून ऐकतो. आज चौथा गिअर. लोण्यासारखा पडला.

बायको येताना हातात गजरासुद्धा नाही, भाजीसुद्धा नाही, पण चेहरा यात्रेहून आल्यासारखा. काय गप्पा मारता विचारलं. "तुम्ही नसताना बोलण्यासारखं बरंच निघतं."

२४ नोव्हेंबर, सोमवार

नवऱ्याने तिच्या भावाकरवी निरोप पाठवला — नोकरी कर, माझी हरकत नाही. पगार तेवढा घरी देत जा, झालं गेलं विसरू.

मला वाटलं रडेल. म्हणाली, "बघा वहिनी, चूल पेटली नाही आणि हा पान मांडून बसला!" बायकोला हसता हसता ठसका लागला. मी पाणी घेऊन गेलो. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

परीक्षा. परीक्षक तोच, आंबट चेहऱ्याचा. चढावर गाडी थांबवायला लावली. मी कुंपणाबाहेर उभा, जमिनीवर पाय दाबतोय. शेजारच्या माणसाने विचारलं, मुंगी आहे का?

गाडी तसूभर मागे आली नाही. पास!!

ताईला फोन केला. "खरंच?" असं तिने दोनदा विचारलं. ताईने एक गोष्ट दोनदा विचारणं — हीसुद्धा पहिलीच वेळ.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलात बायको सोबत गेली. मेट्रन म्हणाली, सोमवारपासून या. आमची मंडळी हलेचनात! "पगार किती, कुठल्या तारखेला, कुणाच्या खात्यात — कागदावर द्या." ताईने गेल्याच आठवड्यात गिअरबाईच्या एकटीच्या नावाचं खातं उघडून दिलंय, त्याचा नंबर बायकोने स्वतः वाचून लिहून घ्यायला लावला. वर विचारलं, सुट्टीचे पैसे कापणार का?

हे सगळं मला गिअरबाईने सांगितलं. म्हणाली, "सर, वहिनींना व्यवहार फार कळतो हो."

कळणारच. शेवटी बायको कुणाची! एक माणूस आपल्यामुळे पायावर उभं राहिलं. छाती फुगली. सगळ्यांना आइस्क्रीम.

१ डिसेंबर, सोमवार

व्हॅन सुरू झाली. ताईने खोलीही बघून दिली, करार गिअरबाईच्याच नावावर. रविवारी लेक येणार. काम आटोपून पेढे घेऊन ऑफिसात आली, बायकोशी बराच वेळ हळू आवाजात बोलत बसली. इतक्या हळू, की मलासुद्धा ऐकू आलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

दहा वाजून गेले, ऑफिसला कुलूप. किल्ली बायकोकडे. घरी फोन केला.

म्हणाली, "ती काल विचारत होती, 'वहिनी, तुमचा पगार कुठल्या खात्यात येतो?' मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा, मग येते."

आत गिऱ्हाइकांचा फोन वाजतोय. मी बाहेर, पायरीवर.