जहाजावरचा पुस्तकी अपेंडिक्स

३ जून, सोमवार
रिटायरमेंटनंतरची नोकरी सुरू. भर समुद्रात कोणी आजारी पडलं की जहाजावरून सॅटेलाइट फोन येणार आणि मी अकोल्यात, जुन्या शहरातल्या माझ्या हॉलमध्ये बसून उपचार सांगणार. जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांची पेटी असते आणि थोडासा कोर्स केलेला एक ऑफिसर. आमचं ऑफिस अमरावतीला. तिथल्या डॉ. रागिणी (वय माझ्या निम्मं) म्हणाल्या, सर, फोन करणाऱ्यावर आधी विश्वास ठेवायचा. मी मान हलवली. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलीत. सोमवारी ज्याच्या पोटात कळ येते, त्याला बुधवारपर्यंतचं सर्टिफिकेट हवं असतं.
संकल्प: फसायचं नाही.

६ जून
पहिला फोन. आचाऱ्याचं बोट कापलं. दाबून धरा, पट्टी बांधा. मागे समुद्राचा आवाज, पण अगदी कूलरसारखा. बायकोला, शकुनला, विचारलं. ती म्हणाली, आपलाच कूलर होय तो. तरी शंका राहतेच.
संध्याकाळी रागिणी मॅडमचा फोन. सर, कसं वाटलं? कशाला विचारलं असेल? नव्या डॉक्टरांची गुपचूप परीक्षा घेत असणार.

११ जून, दुपारी ३.१०
पकडलं! फोनच्या स्पीकरवर सेकंड ऑफिसर धर्मेंद्र. म्हणे, श्रावण नावाच्या खलाशाचं पोट काल बेंबीपाशी दुखत होतं, आज उजवीकडे खाली दुखतंय. उलट्या. ताप. दाबून हात सोडला की ओरडतो. इतका पुस्तकी अपेंडिक्स मी तीस वर्षांत पाहिला नाही. खरा पेशंट आधी काय खाल्लं ते सांगतो, मग मेहुण्याचं सांगतो, मग पोटाचं. हा सरळ पुस्तकातून वाचत होता.
तरी पूर्ण मार्कांचं उत्तर दिलं. तोंडाने काही नाही, सलाईन, अँटिबायोटिकचं इंजेक्शन. तो म्हणाला, मले लय भेव वाटून राहिलं सर, कॅप्टन विचारून राहिले, जहाज बंदराकडे वळवाव का?
चक्क वऱ्हाडी! गाव विचारलं. हिवरखेड. हिवरखेडचा माणूस अरबी समुद्रात! तिथे मी सहा वर्षं होतो. विचारलं, आपले रामराव कंपाउंडर कसे आहेत? म्हणाला, कोण रामराव? सर, जहाजाचं सांगा ना.
हिवरखेडचा, आणि रामरावला ओळखत नाही! मी म्हणालो, शाबास, रागिणी मॅडमना नमस्कार सांगा. आणि फोन ठेवला.

३.२५
फोन पुन्हा वाजला. पुन्हा. उचलला नाही. शकुन म्हणाली, फोन काहून नाही उचलत? पोट्टा रडून राहिला होता. तिला सांगितलं, अभिनय.

१२ जून
कौतुकाच्या फोनची वाट पाहिली. आला. रागिणी मॅडमचा आवाज खाली. म्हणाल्या, तुम्ही उचलेनात म्हणून धर्मेंद्रने अमरावतीला फोन लावला. जहाज वळवलं. बंदर येईपर्यंत त्या त्याच्यासोबत फोनवर होत्या. आज ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होता. खलाशी वाचला.
विचारलं, म्हणजे परीक्षा नव्हती? त्या म्हणाल्या, उद्यापासून फोन घेऊ नका, सर.
हा परीक्षेचा दुसरा भाग असावा. शकुनला तसं म्हटलं. ती उठून आत गेली.

१५ जून
हिवरखेडला चौकशी केली. रामराव रिटायर होऊन सत्तावीस वर्षं झाली. जहाजावरचा धर्मेंद्र? आहे ना, दुर्गाबाईचा मुलगा. वय सव्वीस.
तरी कागदपत्रं पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही.

१४ जुलै, रविवार
धर्मेंद्र घरी आला. सुट्टीवर आहे. सोबत आई दुर्गाबाई, मळ्यातल्या वांग्यांची पिशवी घेऊन. पत्ता रागिणी मॅडमनी दिला म्हणे. पोरगेलासा चेहरा. पाया पडला. म्हणाला, सलाईन तुमीच सांगतली साहेब, त्याच्यावरच टिकला श्रावण.
दुर्गाबाईने विचारलं, मंग मंधातच फोन कायले बंद झाला?
धर्मेंद्र खाली पाहत म्हणाला, समुद्रात रेंज जाते वो माय. मग माझ्याकडे पाहून, हो ना साहेब?
मी म्हणालो, हो. रेंज गेली.
शकुन चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने दोघांना चहा दिला. मला दिला नाही. मी मागितला नाही.