मी न दिलेला राजीनामा

३ फेब्रुवारी, सोमवार. रोम.

इथली नेमणूक एक वर्ष वाढवून घेतलीय यांनी. मला न विचारता!

आणि कळलं कुणाकडून? यांच्या साहेबांच्या मॅडमकडून! ऑफिसातल्या सगळ्यांच्या बायकांना चहाला बोलावलं होतं. मी चिरोटे करून नेले. मॅडमनी सगळ्यांसमोर माझा हात धरला – "बधाई हो रूपाली, एक साल और!" मी हसले. काय करणार? मान हलवली, जणू मला ठाऊकच होतं. वर म्हणाल्या, "तुम तो वैसे भी घर पे ही रहती हो ना."

घर पे ही! चौदा वर्षं शाळेत शिकवलंय मी. अनगोळातून सकाळची पहिली बस धरून, कणकुंबीच्या रस्त्याला, जंगलातल्या गावात. पावसाळ्यात साडीला जळवा चिकटलेल्या असायच्या, तशीच फळ्यापुढं उभी राहायची.

घरी येताना बसमध्ये ओठ चावत बसले. स्वरूपानं विचारलं, "मम्मा, राग आलाय?" नाही म्हटलं. खोटं.

४ फेब्रुवारी

बोलले यांच्याशी. म्हणजे भांडलेच.

सुभेदार रविराज! वकिलातीत सैन्याच्या ऑफिसात दिवसभर टाइप करतात, कुठला कागद कुणाला कधी कळवायचा ते तोंडपाठ. आणि बायकोला एक शब्द कळवायचं सुचलं नाही.

"सांगणारच होतो." कधी? "तू चिडशील म्हणून थांबलो." अस्सं! आणि आता मी काय आरती ओवाळतेय?

माझी बिनपगारी रजा २८ मेला संपते. पुढं वाढणार नाही, असं खात्यानं लिहूनच दिलंय. शाळा २९ मेला उघडते. हजर झाले नाही तर नोकरी गेली. हे सगळं यांना माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी यांनीच म्हटलेलं – "तीनच वर्षं गं. मग तू तुझ्या शाळेत."

आता म्हणतात, "स्वरूपासाठीच की. अशी शाळा तिला तिकडं मिळल काय?"

मी चौदा वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवलं, ती काय शाळा नव्हती?

११ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरची म्हातारी परत आली होती. तोंडावर रुमाल. मी नुसती मोहरी-हिंगाची फोडणी दिलेली, तीही खिडक्या लावून! ती दारात उभी राहून बोलत सुटली. मला चार शब्द कळले. स्वरूपा पुढं झाली, तिच्याशी घडाघडा बोलली, हसली. म्हातारीनं तिचा गालगुच्चा घेतला.

"काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं की परत नाही करणार."

नऊ वर्षांची पोरगी माझ्या वतीनं शब्द देते. माझ्या स्वयंपाकघराचा!

मी ओरडले तिच्यावर. तर मलाच म्हणाली, "नोन ग्रिदारे!" ओरडू नको. आईला! आणि तेही त्या भाषेत.

१२ फेब्रुवारी

आज मुद्दाम लसणाची फोडणी दिली. खिडक्या उघड्या टाकून.

२ मार्च, रविवार

व्हित्तोरियोच्या बाजारातून कोथिंबीर, भेंडी घेऊन आले. जिना चढताना यांचा आवाज ऐकू आला – फोनवर. "आप्पा, तुमीच सांगा तिला. माझं ऐकंना झालीय."

माझ्या वडिलांना! माझ्या पाठीमागं! पिशवी दारातच टाकली आणि फोन हातातून ओढून घेतला. म्हटलं, "आप्पा, यांचं काही ऐकू नका."

आप्पांनी आधी खाकरून घेतलं. मग – "जावई काय वाईट सांगूलालेत व्हय रूपा? लोकांच्या बायका नवऱ्याजवळ ऱ्हायाला तरसतात. आन् तू पळून यायचं म्हणतीस?"

पळून! स्वतःच्या कामावर जाणं म्हणजे पळून जाणं! आप्पा स्वतः चोवीस वर्षं मिलिटरीत. हवालदार म्हणून निवृत्त झाले. मला डी.एड.ला घालताना सगळ्या भावकीशी भांडले होते. तेच आप्पा हे म्हणतात.

जेवले नाही. भेंडी फ्रीजमध्ये पडून आहे.

१९ मार्च

स्वरूपाच्या शाळेत पालकांची भेट. हे ऑफिसात, मी एकटी. तिची बाई चांगली आहे, पांढऱ्या केसांची, हसरी. ती इटालियनमध्ये सांगते, स्वरूपा मला मराठीत. बाई पाच मिनिटं बोलली, स्वरूपानं एका वाक्यात गुंडाळलं – "गणित चांगलं आहे म्हणती." मी म्हटलं, आणि बाकीचं? "बाकी काय नाही."

मग बाईनं माझ्याकडं बोट करून काहीतरी विचारलं. 'लावोरो' कळलं मला. काम. आई काय काम करते?

स्वरूपानं खांदे उडवले. "निएन्ते."

एवढं इटालियन मला येतं. काही नाही! काही नाही करत!

मला बाईला सांगायचं होतं की मीही तुझ्यासारखीच आहे. माझ्याही हाताला खडू लागायचा. त्यासाठी लागणारा एकही शब्द माझ्याकडं नव्हता. परत येताना स्वरूपाचा हात धरला नाही. रस्ता ओलांडताना तिनंच धरला.

२० मार्च

पोरीचं काय चुकलं? तिनं सहाव्या वर्षापासून मला इथंच बघितलंय. घरात.

९ एप्रिल, बुधवार

 आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

दुपारी नीलमचा फोन. माझ्याच शाळेत शिकवते ती, माझ्या जागेवरचे दोन वर्गही तीच सांभाळते. म्हणाली, "अगं रूपाली, असं कसं केलंस? मला एका शब्दानं बोलली न्हाईस?"

काय केलं?

"तुझा राजीनामा आलाय की ऑफिसात! मिटिंगला गेलते तवा क्लार्कनंच विचारलं, तुमच्या मॅडम कायमच्या इटलीला ऱ्हाणार व्हय म्हणून."

मी दिला नाही, म्हटलं. दिलाच नाही!

"टाइप केलेला हाय. खाली तुझी सही हाय. २४ मार्चची तारीख. कुणीतरी हातानं आणून दिलाय म्हणं."

कुणीतरी!

मी इथं, सात समुद्रांपलीकडं भांडी घासत होते आणि तिकडं माझ्या नावानं सही झाली! कुणी केली ते सांगायला ज्योतिषी नको. यांनी इथून सांगितलं असणार. आणि साईनाथनं – यांच्या धाकट्या भावानं – संकेश्वराहून बेळगावला जाऊन नेऊन दिला असणार. दोघं भाऊ. पक्कं काम.

१० एप्रिल

रात्री स्वरूपा घरात होती. सकाळी स्वरूपा शाळेला गेल्यावर विचारलं.

"कसला राजीनामा?" म्हणाले. तोंडावर असं आश्चर्य की कुणीही फसावं.

"सही कुणाकडून करून घेतलीत? साईनाथकडून?"

"रूपाली, देवाशप्पथ. मी एक्स्टेन्शन घेतलं, ते चुकलं. न विचारता घेतलं, लई चुकलं. पण हे मी न्हाय केलं."

"मग कुणी केलं? खालच्या म्हातारीनं?"

नवरा म्हणून पंधरा वर्षं 'हे' लिहीत आले. आजपासून या वहीत रविराज. आदर संपला.

११ एप्रिल

रविराजनं ऑफिसातून तीनदा फोन केला. उचलला नाही.

२२ एप्रिल

तिकीट काढलं. माझं एकटीचं. स्वरूपा येणार नाही म्हणते. तिची शाळा जूनपर्यंत, नाटकात काम आहे, तिला खारीचं सोंग मिळालंय. "तू जा. बाबा आणि मी राहू." सरळ सांगितलं. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

सासूबाईंचा फोन आला. चंद्राबाई कधी हळू बोलत नाहीत – "नवऱ्याला आन् पोरीला टाकून येतीस? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगा, खोटी सही कुणी केली ते शोधायला आलीय." फोन आपटला. पहिल्यांदाच सासूचा फोन आपटला. बरं वाटलं. मग नाही वाटलं.

३ मे, शनिवार. अनगोळ.

आले. आप्पा स्टँडवर आले होते, उन्हात टोपी घालून. वाळलेत. बॅग घेऊ दिली नाही मला. "जावई, पोरगी बरी हायत?" एवढंच. राजीनाम्याचं मी सांगितलं तर "घरात चल आधी" म्हणाले.

विमानतळावर स्वरूपानं मिठी मारली नाही. रविराजच्या शर्टाचं टोक धरून उभी होती. मी तपासणीच्या पलीकडं गेल्यावर तिनं हात वर केला. एवढाच.

१२ मे

शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेले. साहेब ट्रेनिंगला गेलेत, २६ तारखेला या म्हणे. फाईल त्यांच्या कपाटात, चावी त्यांच्याकडं. टेबलावरचा माणूस नवा आहे, त्याला काही माहीत नाही. "आवक टपालाचा क्लार्क बरोबर सांगंल, तो रजेवर हाय." मी आवाज चढवला. तो कानडीत दुसऱ्याला म्हणाला, बाईचं डोकं तापलंय. मी त्याला कानडीतच सांगितलं – तापलंयच. तुमच्या सहीनं कुणी तुमची नोकरी सोडली असती तर तुमचं काय झालं असतं?

पाणी आणून दिलं मग त्यानं.

राजीनामा अजून मंजूर झालेला नाही. मला समक्ष विचारल्याशिवाय करणार नाहीत. तेवढा एक श्वास.

१८ मे, रविवार

संकेश्वरला गेले. साईनाथ उसाला पाणी पाजून नुकताच आलेला, पायाला चिखल. दारातच विचारलं. सासूबाईंच्या देखत.

 "वैनी, तुमी मला वाचाया शिकिवलंय. दहावी तुमच्यामुळं निघाली माझी. मी तुमची नोकरी घालवीन?"

"मग रविराजनं दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असंल."

त्यानं चहा पुढं केला. मी घेतला नाही. सासूबाईसुद्धा गप्प होत्या, आणि त्या गप्प बसल्या की मला भीती वाटते. निघताना साईनाथ बसपर्यंत आला.  बस सुटली तरी तिथंच उभा.

खरं बोलत असेल? मग रविराजनं कुणाला गाठलं? का सगळेच एकमेकांना पाठीशी घालतायत?

२३ मे, शुक्रवार

तक्रार लिहून काढली. खोटी सही, फसवणूक. संशय – पती रविराज. पोलिसांत देणार. आप्पांना वाचून दाखवली.

आप्पा म्हणाले, "पोलिसात देऊ नगं."

"का? जावयाला वाचवायचंय?"

ते सोप्यातल्या खांबाला टेकले. मग आईचं बोलायला लागले. आई जाऊन अकरा वर्षं झाली, कधी बोलत नाहीत.

"तुझी आई माझ्याबिगर चोवीस वर्षं ऱ्हायली, रूपा. मी जम्मूला, मी नागालँडला. वर्षाला दोन म्हयने घरात. आलो की पाव्हण्यागत वाढायची मला. कुठं काय ठेवलंय ते मला ठावं नसायचं. रिटायर झालो तवा बोलाया काय न्हवतंच आमच्याजवळ. एका घरात दोन परकी माणसं, ती मरंस्तवर. तुझं तसं हुयाला नगं."

मला गहिवरून आलं. पण राग त्याच्याहून वर आला.

"आई गावात राहिली ते तुम्ही तिला विचारून?"

"न्हाय."

"आता रविराजनं मला विचारलं?"

"न्हाय."

"मग कुणीतरी एकदा विचारा की आप्पा! आमच्या घरातल्या बाईला कुणीतरी एकदा विचारा!"

शेजारची रुक्माबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली, इतकी ओरडले. आप्पा उठून बाहेर निघून गेले. चप्पल उलटी घातली होती त्यांनी.

२४ मे

स्वरूपाचा व्हिडिओ कॉल. खारीची शेपटी दाखवली. रविराजनं शिवलीय, हातानं. टाके वेडेवाकडे. मी फक्त तिच्याशीच बोलले. तो मागं दिसत होता, फडक्यानं ओटा पुसत.

२६ मे, सोमवार

साहेबांनी फाईल उघडली. राजीनाम्याखाली माझं नाव. 'रू'चा ऊकार मागं ओढून वर वळवलेला – तसा आमच्या घरात एकच माणूस काढतो. आवकचा क्लार्क शेजारीच उभा होता. म्हणाला, "तुमचे वडीलच आलते की मॅडम. दोन तास थांबलते. मिलिटरीवाले म्हणून मी खुर्ची दिली."

साहेब म्हणाले, सही तुमची नसेल तर तसं लिहून द्या, पोलिसांकडं पाठवतो. किंवा मी दिलेला राजीनामा मागं घेते, असं लिहा.

तक्रार पिशवीत होती. कोरा कागद मागून घेतला. लिहिलं – राजीनामा मी दिला होता. मागे घेत आहे.

गुरुवारी शाळा.

घरी आले. आप्पा दारात उभे. "झालं?" झालं म्हटलं, आणि आत आले. त्यांना जेवायला वाढलं नाही. त्यांनी आपलं आपण घेतलं.

मग रोमला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला यांनी. मी म्हटलं, "तुम्ही खरं बोलत होता."

पलीकडं नळ बंद केल्याचा आवाज. मग – "मग कुणी केलं गं?"

फोन ठेवून दिला.