दाराची वाकडी चौकट

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उभ्याउभ्याच फोडलं असशील, म्हणून आधीच सांगते, आम्ही दोघंही हिंडतोफिरतोय, जेवतोय आणि रोजच्यासारखे भांडतोयसुद्धा. फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शाळेचं दप्तर दारात टाकून स्वयंपाकघरात यायचास आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत खाऊचा डबा उघडायचास. ती सवय अजून गेलेली नाही. पत्राचं बरं असतं, ते मधेच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण तू ठेवू नकोस. चहा करून घे आणि शेवटपर्यंत वाच.

तुझा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर झाला हे कळल्यापासून तुझ्या दादांचे पाय जमिनीवर नाहीत. दूधवाल्यापासून समोरच्या दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय, की आमचा धाकटाही आता सुटला. हे स्वतः सुटले तेव्हा ऑफिसातल्या लोकांना वाटलं होतं, साहेबांशी काहीतरी वाजलं असणार. बरोबरच आहे. सगळा जन्म तिरक्या टेबलापाशी उभं राहून पाण्याच्या नळांचे नकाशे काढण्यात घालवलेला माणूस एक दिवस उठून म्हणतो, मला आता चिमण्यांचे फोटो काढायचेत, तर कोण विश्वास ठेवणार? निरोप समारंभात त्यांना कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं भेट मिळालं आणि घरी येताना त्यांनी ते मांडीवर घेतलं, जसं काही पहिलंच मूल घरी आणतायत. मी तेव्हा चेष्टा केली, पण खरं सांगू, इतकं खूश मी त्यांना आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

मग काय, बाग म्हणजे यांचं ऑफिस झालं. मी जुना पडदा टाकून देणार होते, तो लिंबाच्या झाडाला बांधून त्यामागे खुर्ची टाकली. मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवलं. सकाळी उजाडलं की पडद्याच्या भोकातून कॅमेऱ्याचं नाक बाहेर, आणि मला धुणं वाळत घालायची बंदी, कारण म्हणे पांढऱ्या चादरीने धोबी पक्षी बिचकतो. मी म्हटलं, नाव धोबी आणि चादरीला घाबरतो, असला कसला धोबी. निम्मे फोटो नुसत्या फांदीचे यायचे, पक्षी नुकताच उडालेला. ते सुद्धा कौतुकाने दाखवायचे, की बघ, फांदी अजून हलतेय. आणि तुमचा दोघांचा तो नेम, रोज सकाळी एकमेकांना एकच फोटो पाठवायचा आणि दुसऱ्याने त्याची सालटी काढायची. तुझं उत्तर येईपर्यंत हे चहाला हात लावायचे नाहीत. तू कधी एका शब्दात बरा आहे असं म्हटलंस, की तो दिवस माझ्यासाठीही सुखाचा जायचा.

आता जे सांगते ते वाचून दादांना लगेच फोन करू नकोस, तुला माझी शपथ आहे. हल्ली रोज सकाळी तुला जो फोटो येतो तो त्या दिवसाचा नसतो. जुन्या साठ्यातला असतो, आणि तो मी निवडते. तुझ्या दादांच्या उजव्या डोळ्याला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं, म्हणजे माझ्या मागची भिंत दिसते, भिंतीवरचं घड्याळ दिसतं, पण माझं तोंड दिसत नाही. डाव्या डोळ्यावर सगळं चाललंय, आणि तो तरी राहील का, हे आज कुणीच सांगत नाही. मला फोटोतलं काही कळत नाही हे तुला ठाऊक आहे. मी आपली पिसं नीट मोजता येतील असा एखादा काढून देते. मागे तू लिहिलंस, की दादांची नजर आता वेगळीच काहीतरी टिपायला लागली आहे. ते मी ह्यांना वाचून दाखवलं. हे हसले आणि मग बराच वेळ भांड्यातलं पाणी बदलत बसले.

हे झालं कसं ते तुला नीट कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्या दादांचा स्वभाव तू जाणतोस. कुणाच्याही घरी गेले तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग पाणी पिणार. ऑफिसात नकाशातली रेघ हललेली दिसली, की हे पट्टी तपासायचे, टेबल तपासायचे, कागद ओला झालाय का बघायचे. आपली नजर चुकली असेल हा विचार त्यांना कधी शिवला नाही, कारण ती कधी चुकलीच नाही. तर एक दिवस बागेतून आले ते कपाळाला आठ्या घालून. म्हणाले, कॅमेरा बिघडला. डोळा लावून बघायची जी छोटी खिडकी असते ना, तिच्यातून कुंपणाची तार मधेच खाली वाकलेली दिसते. मी जाऊन बघितलं, तार सरळ होती. मी त्या खिडकीतून बघितलं, तरी सरळच होती. त्यावर मला ऐकवलं, की तुला त्यातलं काय कळतंय. मीही म्हटलं, राहिलं.

गंमत बघ, फोटो मात्र सरळ यायचा. संगणकावर उघडला की तार आपली ताठ. त्यावरून ह्यांनी शोध लावला, की दोष लेन्समध्ये नाही, खिडकीतल्या काचेत आहे. एवढं तर्कशुद्ध, की त्यात चूक काढायला जागाच नाही. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून तपासण्या सुरू झाल्या. मी पान चिकटवायची, हे खिडकीतून बघून ओरडायचे, की उजवीकडून उचल, वाकडं लावलंयस. मी उचलायची. पुन्हा वाकडं. शेवटी मी फूटपट्टी घेऊन आले आणि आमचं असं काही भांडण झालं, की शेजारीण डोकावून गेली. कॅमेरा दुरुस्तीला गेला. दुकानदाराने सगळा उघडून पाहिला आणि काही सापडत नाही म्हणून परत दिला. ह्यांनी दुसरीकडे टाकला. तिथल्याने काच पुसली आणि आता बघा म्हणाला. ह्यांनी बघितलं आणि त्याच्याशीही वाजवून आले. तोवर चिमण्यांची एक पिल्लावळ उडूनही गेली होती. हे फोकस हातानेच लावतात ना, म्हणून फोटोतसुद्धा आता पक्षी पुसट आणि मागचं पान स्पष्ट यायला लागलं होतं. त्याचंही खापर कॅमेऱ्यावरच फुटलं. तू फोनवर विचारायचास, तेव्हा हे सांगायचे कॅमेरा दुकानात आहे. तेव्हा ते खरंच होतं.

चुकलं कुठे ते सांगते. चालताना-बोलताना, वाचताना, गाडी चालवताना माणूस दोन्ही डोळ्यांनी बघतो, आणि डावा डोळा मुकाट्याने उजव्याचं काम करून टाकत होता. फक्त कॅमेऱ्याशी बसले, की हे डावा मिटायचे आणि उजवा त्या खिडकीला लावायचे. म्हणजे तो आजारी डोळा एकटा असा फक्त तिथेच कामाला लागायचा. दुसरा कुठला माणूस असता तर त्यालाही कळलं नसतं, पण त्याने निदान कॅमेऱ्याच्या दुकानाच्या पायऱ्या तरी झिजवल्या नसत्या. कळलं ते असंच. मी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हे टेबलाशी लसूण सोलत होते. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून त्यांनी तो हाताने दाबला आणि सहज वर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, जरा सरळ उभी राहा. मी म्हटलं, सरळच आहे. ते दाराच्या चौकटीकडे बघत राहिले. मला विचारलं, कॅमेरा कुठे आहे? तो आतल्या खोलीत कपाटात होता. मग लसूण तेवढा सोलून संपवला.

डोळ्यांचे डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी घाबरवलं नाही. डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या नव्या रक्तवाहिन्या वाढतात, त्या पाझरतात, आणि वेळेत सापडलं तर डोळ्यात सुई देऊन ते थांबवता येतं, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. ह्यांनी चित्र सरळ नाही म्हणून त्यांनाही सांगितलं. मग विचारलं, वेळेत म्हणजे केव्हा. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा तार वाकलेली दिसली तेव्हा. उजव्यात आता मधे वण बसलाय, सुयांनी तो पुसला जात नाही. मी बाहेर बाकावर बसून असते आणि पुढचं पाझरणं तरी थांबावं म्हणून आत ह्यांच्या डोळ्यात सुई जाते, एवढं माझ्या हातात आहे. रागवावं तर कुणावर तेही कळत नाही. मला पान सरळ दिसत होतं आणि त्यांना वाकडं, आणि आम्ही नवराबायको असून एकाच्याही डोक्यात आलं नाही, की दोघांचंही खरं असेल. हे अजून सकाळी पडद्यामागे जाऊन बसतात. कॅमेरा गळ्यात असतो, नाक बाहेर काढत नाहीत. आवाजावरून पक्षी ओळखतात आणि आत येऊन मला सांगतात, की आज खंड्या आला होता. मी बरं म्हणते आणि भाजीत डोकं घालते, कारण दुसरं काय करावं मला सुचत नाही.

तुला हे सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणाले, धाकट्याला निवृत्ती सुखाने घेऊ दे, माझ्या आजाराने त्याच्या आनंदात विरजण नको. आणखीही एक गोष्ट त्यांनी दाबून ठेवली. डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, की हे कधीकधी घराण्यात असतं, सख्ख्या भावंडांनी डोळे तपासून घ्यावेत. हे म्हणाले, त्याचं वय ते काय, बघू पुढे, उगाच डोक्यात भुंगा नको सोडायला. मी गप्प बसले, कारण तू मलाही अजून दप्तर टाकून येणाराच वाटतोस. पण परवा हे आंघोळीला गेले असताना तुझा फोन आला. निरोप समारंभाचं सांगितलंस, नव्या कॅमेऱ्याचं कौतुक सांगितलंस, आणि ठेवता ठेवता हसत म्हणालास, की या नव्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची कड मधेच पोट आल्यासारखी दिसते, दादांच्याही कॅमेऱ्याला असंच झालं होतं ना, त्यांना दुरुस्तीवाल्याचा पत्ता विचारून ठेव. मी म्हटलं, अरे डोळे दाखवून घे. तू म्हणालास, वहिनी, चष्मा नवा आहे, आणि फोन ठेवलास. काल बाजारातून पुन्हा फोन केला, तर तू दुकानाच्याच वाटेवर होतास, रस्त्यावर ऐकू येत नाही म्हणालास. मी तिथेच भाजीच्या पिशव्या खाली ठेवून रडले. आमच्या डॉक्टरांकडून तुझ्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव घेतलंय आणि शुक्रवारी सकाळची वेळही तुझ्या नावाने सांगून ठेवली आहे. पत्ता पाकिटात आहे, आणि पत्र उद्याच मिळावं म्हणून कुरिअरने पाठवतेय. तुला दंडाला धरून तिथे नेणं मला इथून जमत नाही, आणि ह्यांना सोडून निघावं तर काय सांगून निघू? ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. तुझं शेवटपर्यंत वाचून झालं असेल, तर ऊठ आणि हात मोकळे ठेवून खिडकीत जा. डावा डोळा तळव्याने झाक आणि त्या इमारतीची कड बघ, मग उजवा झाकून बघ. दोन्हींनी सरळ दिसली, तर मला फोन करून हवं तेवढं हस, मी ऐकून घेईन. वाकडी दिसली, तर शुक्रवारचीही वाट बघू नकोस, आजच जा, आणि कॅमेरा त्या दुकानातून घरी आण. त्यात काही बिघडलेलं नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
वहिनी